वाचकांचे प्रश्न : कंपनी स्वस्त राज्यात जाते, तेव्हा वाचलेला पैसा कोणाचा?

वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयावरची निघाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या महाग राज्यातून कंपन्या आपले काम टेक्सस, टेनेसी अशा राहणीखर्च कमी असलेल्या राज्यांत हलवत आहेत आणि त्याबरोबर घरेही हलत आहेत. म्हणून या अंकातील सदर केवळ या प्रश्नासाठी दिले आहे. पहिल्या दोन पत्रांत घराघरांवर येणारे निर्णय असल्यामुळे त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमची कंपनी पुढील वर्षी बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को परिसरातील) कार्यालय बंद करून सगळे काम टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात नेणार आहे. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असून माझा पगार वर्षाला १ लाख ६० हजार डॉलर आहे. ‘तिथे राहणे स्वस्त आहे’ असे सांगून कंपनीने १० टक्के कमी पगार देऊ केला आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत दिली आहे. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नसल्यामुळे हातात पूर्वीइतकेच पैसे पडतील, असे मनुष्यबळ विभाग म्हणतो. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला माझा आय-१४० अर्ज मंजूर आहे. पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरील कामाच्या परवान्यावर नोकरी करते. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. काय करावे? — एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : प्रथम ‘हातात तेवढेच पडेल’ हे विधान तपासून पाहू. आपल्या एकट्याच्या पगारावर, संयुक्त विवरणपत्र धरून, कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर साधारण ७ हजार डॉलर होतो आणि राज्याच्या अपंगत्व विम्याची कपात सुमारे २ हजार होते. म्हणजे टेक्ससला गेल्यावर वर्षाला ९ हजारांच्या आसपास वाचतील. पगार १० टक्क्यांनी घटला तर १६ हजार कमी होतात आणि त्यावरचा केंद्रीय कर व सामाजिक सुरक्षेची कपात वजा केली तरी प्रत्यक्ष हातातले सुमारे ११ हजार जातात. म्हणून मनुष्यबळ विभागाचे विधान बरोबर नाही. शिवाय पगारातील ही घट पुढच्या प्रत्येक वाढीच्या, बोनसच्या आणि निवृत्ती खात्यात कंपनी भरत असलेल्या रकमेच्या मुळाशी कायमची बसते.

राहणीखर्च कमी आहे, हे मात्र खरे आहे. केंद्र सरकारचा आर्थिक विश्लेषण विभाग राज्याराज्यांतील किमतींची तुलना प्रसिद्ध करतो. तिच्यात देशाची सरासरी १०० धरली, तर कॅलिफोर्निया ११० च्या वर आणि टेक्सस १०० च्या किंचित खाली असते. या फरकाचा मोठा भाग घरभाड्याचा आहे. किराणा, मोटार, फोन, कपडे यांच्या किमती दोन्हीकडे फारशा वेगळ्या नाहीत. आपण भाड्याने राहता, त्यामुळे हा फायदा आपल्याला पहिल्या महिन्यापासून मिळेल. तिथे घर घ्यायचे ठरवलेत, की हिशेब बदलतो. टेक्ससच्या राज्यघटनेत २०१९ च्या मतदानाने वैयक्तिक प्राप्तिकराला बंदी घातली गेली आहे, परंतु शाळा, शहरे आणि काउंटी (जिल्हे) यांचा खर्च मालमत्ता करातूनच भागवावा लागतो. नव्या उपनगरांत हा कर घराच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास असणे नेहमीचे आहे. ५ लाखांच्या घरावर सूट वजा करण्यापूर्वी तो वर्षाला १० हजार होतो, म्हणजे वाचलेला प्राप्तिकर जवळजवळ त्याच दारातून बाहेर जातो. स्वतः राहत असलेल्या घराला ‘होमस्टेड’ सूट मिळते आणि त्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. या सवलतीसाठी अर्ज मात्र आपणच करायचा असतो. उत्तर टेक्ससमध्ये गारपिटीमुळे घराचा विमाही महाग पडतो, तोही हिशेबात धरावा.

आता कंपनीच्या बाजूने पाहू, कारण आपली वाटाघाट तिथेच उभी राहणार आहे. मुख्यालय हलवले की कंपनीचा कॅलिफोर्नियातील कर टळतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात २०१३ पासून कॅलिफोर्निया बहुतेक कंपन्यांच्या नफ्यातील आपला वाटा राज्यात झालेल्या विक्रीच्या प्रमाणात ठरवते. कार्यालय कुठे आहे आणि माणसे कुठे बसतात, यावर तो वाटा ठरत नाही. मुख्यालय टेक्ससमधील ऑस्टिनला नेले तरी कॅलिफोर्नियातील ग्राहकांना केलेल्या विक्रीच्या वाट्याला येणाऱ्या नफ्यावरचा ८.८४ टक्के कर चुकत नाही. मग वाचते काय? मुख्यतः जागेचे भाडे आणि पगार. ‘स्वस्त राज्य’ या शब्दांतील स्वस्ताईचा मोठा हिस्सा आपल्यासारख्यांच्या पगारातूनच यायचा असतो. म्हणून कंपनीचा खर्च वाचणे ही एक गोष्ट आणि आपल्या घराचा खर्च वाचणे ही दुसरी, हे ध्यानात ठेवावे.

कंपनीला भीती असते ती माणसे गळण्याची. निस्सानने २००५ साली आपले उत्तर अमेरिकेचे मुख्यालय लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनाहून टेनेसीतील फ्रँकलिनला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा निम्म्याहून कमी कर्मचारी तिकडे गेले. पुढे टोयोटाने २०१४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्सहून टेक्ससमधील प्लेनोला जाण्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये ते पूर्ण झाले. घोषणा व स्थलांतर यांत ठेवलेली तीन वर्षे माणसे टिकवण्याच्या दृष्टीने मोलाची होती. अनुभवी अभियंत्याच्या जागी नवा माणूस शोधणे, शिकवणे आणि मधल्या काळातील खोळंबा यांचा खर्च १६ हजारांहून बराच जास्त असतो. तेव्हा पगार आहे तोच ठेवावा, अशी लेखी मागणी आपण निःसंकोच करावी. ते जमत नसेल तर किमान दोन वर्षे पगार न घटण्याची हमी मागावी. सामान हलवण्याचा खर्च कंपनी देत असेल तर त्यावरचा करही कंपनीने भरावा, हे लिहून घ्यावे. २०१८ पासून अशी भरपाई केंद्रीय करासाठी उत्पन्न धरली जाते आणि २० हजारांच्या ‘पॅकेज’मधील पाच-सहा हजार करातच जातात, हे अनेकांना पुढच्या एप्रिलमध्ये, विवरणपत्र भरताना कळते.

आता व्हिसा. कामाचे ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेले, तर नवीन लेबर कंडिशन अर्ज (पगार व कामाच्या अटींबद्दल श्रम खात्याकडे करायचा अर्ज) आणि सुधारित एच-१बी अर्ज कंपनीने करावाच लागतो. २०१५ च्या, सिमियो या कंपनीच्या प्रकरणातील निकालानंतर यात संदिग्धता उरलेली नाही. नव्या ठिकाणी कामाला लागण्यापूर्वी हा अर्ज दाखल झालेला असला पाहिजे, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नव्या अर्जात डॅलस परिसराचा प्रचलित पगार नोंदवलेला असतो आणि त्याच कामावरच्या इतरांना कंपनी जे देते ते किंवा हा प्रचलित पगार, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या खाली कंपनीला जाता येत नाही. आपल्याला पगाराच्या कोणत्या श्रेणीत धरले आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. १० टक्क्यांची कपात कधी कधी इथेच अडते.

ग्रीन कार्डच्या बाबतीत अधिक सावध राहावे. श्रम खात्याचे प्रमाणपत्र (लेबर सर्टिफिकेशन) विशिष्ट ठिकाणच्या नोकरीसाठी असते. जागा येण्याजाण्याच्या अंतराबाहेर गेली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मंजूर आय-१४० मुळे आपली प्रायॉरिटी डेट (रांगेतील जागा ठरवणारी तारीख) मात्र शाबूत राहते. भारतीयांच्या रांगेची लांबी पाहता खरी मिळकत तीच आहे. एच-१बी ची सहा वर्षांनंतरची मुदतवाढही मंजूर आय-१४० वर मिळत राहते. आय-४८५ (ग्रीन कार्डचा अखेरचा अर्ज) दाखल करून १८० दिवस उलटले असतील, तर तशाच स्वरूपाच्या कामासाठी ठिकाण बदलले तरी सहसा अडत नाही. नव्या लेबर सर्टिफिकेशनचा आणि वकिलाचा खर्च २००७ पासूनच्या नियमानुसार कंपनीनेच करायचा आहे. ती प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू होईल, हे ऑफरपत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नकार दिलात आणि नोकरी संपली, तर ६० दिवसांच्या आत नवी नोकरी शोधून तिच्यामार्फत अर्ज दाखल व्हावा लागतो. ही मुदत साधारणतः पगार ज्या दिवसापर्यंत दिला जातो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. एकरकमी मिळालेल्या भरपाईने ती वाढत नाही. म्हणून भरपाईची रक्कम थोडी कमी घेऊन पगारपटावर आणखी एक-दोन महिने राहता आले, तर एच-१बी धारकासाठी तो सौदा चांगला असतो.

शेवटी पत्नीच्या नोकरीविषयी. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका बदलीच्या वेळी कंपनीने दिलेला तुलनेचा तक्ता घेऊन बसलो होतो. त्यात घरभाडे होते, दूध आणि पेट्रोलही होते. पत्नीच्या पगाराचा रकाना मात्र नव्हता. तिला नवी नोकरी मिळायला चौदा महिने लागले आणि त्या चौदा महिन्यांत स्वस्ताईचे सगळे लाभ वाहून गेले. आपल्या पत्नी घरून काम करू शकतात का, त्यांची कंपनी त्यांना टेक्ससमधून काम करू देईल का, हे त्या ३० दिवसांतील पहिल्या आठवड्यात विचारून घ्या.

प्रश्न : माझे वय ५९. आम्ही १९९९ साली सनीवेलला ४ लाख डॉलरला घर घेतले, त्याची किंमत आज १८ लाखांच्या घरात आहे. कंपनी टेनेसीत नॅशव्हिलजवळ जात आहे. मुले मार्गी लागली आहेत. घर विकून तिकडे मोठे घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांवर निवृत्तीची सोय करावी, असे मित्र सुचवतात. नकार दिल्यास भरपाई मिळेल, पण त्यासाठी एका करारावर सही हवी आहे. — एक वाचक, सनीवेल

उत्तर : आपल्या मित्रांनी घराच्या किमतीकडे पाहिले आहे. त्या घराबरोबर आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी विकता येत नाही आणि सोडली की परत मिळत नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्यानुसार घराचे करपात्र मूल्य खरेदीच्या किमतीवरून मोजतात आणि ते वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवत नाहीत. म्हणून आपल्या घराचे करपात्र मूल्य आज फार तर पावणेसात लाखांच्या आत असेल आणि कर ८ हजारांच्या आसपास. शेजारचे तसेच घर आज १८ लाखांना घेणारा माणूस वर्षाला २० हजारांहून अधिक भरतो. चार-पाच वर्षांनी नातवंडांसाठी परत यावेसे वाटले, तर आपण त्या नव्या माणसाच्या जागी असाल. ५५ वर्षांवरील व्यक्तींना जुने करपात्र मूल्य नव्या घरावर नेण्याची मुभा आहे, पण ती कॅलिफोर्नियाच्या आतच चालते.

विक्रीवरचा करही मोठा आहे. शेवटच्या ५ वर्षांपैकी २ वर्षे स्वतः राहिलेले घर विकल्यास पतिपत्नींना नफ्यातील ५ लाख करमुक्त असतात. ही मर्यादा १९९७ पासून तीच आहे, घरांच्या किमती मात्र तिथे थांबलेल्या नाहीत. सुधारणांचा खर्च सोडला तर आपला नफा १४ लाखांचा, म्हणजे ९ लाख करपात्र. त्यावर केंद्राचा आणि कॅलिफोर्नियाचा मिळून कर अडीच लाखांच्या पुढे जाऊ शकतो. विक्रीपूर्वी टेनेसीत राहायला गेलात तरी कॅलिफोर्नियाचा कर टळत नाही, कारण घर कॅलिफोर्नियात आहे.

माझे मत असे, की जायचेच ठरले तर लगेच विकू नये. घर भाड्याने द्यावे आणि स्वतःही तिकडे भाड्याने राहावे. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकले, तर ५ लाखांची सूट हातची जात नाही (भाड्याच्या काळातील घसाऱ्याइतक्या रकमेवर तेवढा कर लागेल). मधल्या काळात प्रपोझिशन १३ चे मूल्यही टिकते. नॅशव्हिल परिसराबद्दल जाणून घ्यायला दोन वर्षे पुरेशी असतात. टेनेसीत पगारावर राज्याचा कर नाही, व्याज आणि लाभांशांवरचा जुना करही २०२१ पासून रद्द झाला आहे आणि मालमत्ता कर टेक्ससपेक्षा बराच हलका आहे. त्याची भरपाई विक्रीकरातून होते. तो स्थानिक कर धरून साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जातो आणि कमी दराने का होईना, किराण्यावरही लागतो. निवृत्तीकडे झुकलेल्या, खर्च बेताचा असलेल्या घराला ही रचना मानवते.

कंपनीचे शेअर आपल्याला टप्प्याटप्प्याने मिळत असतील, तर कॅलिफोर्नियात काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात त्यांवर कॅलिफोर्निया नंतरही कर मागते. तिकडे गेल्यावर सगळे करमुक्त झाले, असे समजून पैसे खर्च करू नयेत.

करारावर घाईने सही करू नका. तो कंपनीवर दावा न करण्याचा करार असतो. १९९० च्या केंद्रीय कायद्यानुसार, चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना समूहाने कमी केले जात असेल, तर विचारासाठी किमान ४५ दिवस द्यावे लागतात आणि सही केल्यानंतरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. कोणत्या पदांवरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना कमी केले आहे, याची यादीही द्यावी लागते. ती मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. कॅलिफोर्नियाचा कायदा आणखी एक संरक्षण देतो. ७५ किंवा अधिक माणसांचे ठिकाण १०० मैल किंवा त्याहून दूर हलवायचे असेल, तर ६० दिवस आधी सूचना द्यावीच लागते.

नकार देण्यातला सर्वात मोठा खर्च आरोग्य विम्याचा आहे. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ६५ व्या वर्षी सुरू होते. कंपनीचा विमा कोब्रा कायद्याखाली पूर्ण हप्ता स्वतः भरून सहसा १८ महिने चालू ठेवता येतो, त्यापुढची चार वर्षे आपली आपण भरायची आहेत. भरपाईच्या वाटाघाटीत पैशांपेक्षा विम्याचे महिने मागा, असे मी सुचवतो.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. राज्ये कंपन्यांना बोलावण्यासाठी करसवलती आणि रोख रक्कम देतात. राहणीखर्च कमी असताना वर पैसे देण्याची गरज काय आणि त्याचा उपयोग होतो का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ही प्रथा जुनी आहे. न्यू इंग्लंडमधील कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेकडे, कॅरोलिना राज्यांत जाऊ लागल्या, कारण तिथे मजुरी कमी होती, कापूस जवळ होता आणि कामगार संघटना दुबळ्या होत्या. १९३६ साली मिसिसिपीने शेतीला उद्योगाची जोड देण्याच्या धोरणाखाली कारखान्यांसाठी सार्वजनिक कर्जरोखे काढायला सुरुवात केली. राज्याने उद्योग विकत आणावा ही कल्पना तिथून रुळली. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने संघटनेची वर्गणी सक्तीची न ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि दक्षिणेला आणखी एक आकर्षण मिळाले.

उपयोगाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. रोजगारावर संशोधन करणाऱ्या अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की सवलतींमुळे निर्णय फिरतो तो २ ते २५ टक्के प्रकरणांतच. उरलेल्या कंपन्या सवलत नसती तरी तिथेच आल्या असत्या. कॅन्सस सिटीचे उदाहरण याहून बोलके आहे. हे महानगर मिसूरी आणि कॅन्सस या दोन राज्यांत विभागलेले आहे. कंपन्या मधला रस्ता ओलांडून पलीकडे जात, सवलत घेत आणि काही वर्षांनी दुसरी कंपनी उलट्या दिशेने येई. कर्मचारी त्याच घरांत राहत, फक्त मोटार दुसऱ्या बाजूला वळवत. दोन्ही राज्यांच्या तिजोरीतून वर्षानुवर्षे पैसा गेला आणि प्रदेशात त्या प्रमाणात नवे काम उभे राहिले नाही. अखेर २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी हे थांबवण्याचे मान्य केले. शाळांना आणि रस्त्यांना मिळायला हवा होता तो हा पैसा, म्हणून याविषयी मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर स्वस्ताई किती टिकते, हे पाहावे. ऑरेकलने डिसेंबर २०२० मध्ये आणि टेस्लाने डिसेंबर २०२१ मध्ये मुख्यालय ऑस्टिनला नेले. त्याच काळात, महामारीच्या आणि अतिस्वस्त कर्जाच्या दिवसांत, तिथली घरे झपाट्याने महागली. २०२२ नंतर किमती बऱ्याच उतरल्या, कारण टेक्ससमध्ये नवी घरे बांधण्यावर निर्बंध कमी आहेत आणि पुरवठा लवकर वाढतो. कॅलिफोर्नियात तो दशकानुदशके वाढू दिला गेला नाही. राज्ये सवलतींवर जेवढी भांडतात त्याच्या निम्म्याने घरबांधणीवर भांडली असती, तर या सदरात आलेली पहिली दोन पत्रे कदाचित लिहिली गेली नसती.

प्रश्न : कंपनी टेक्ससला गेली, पण मला कॅलिफोर्नियातून घरूनच काम करू देणार आहे. मला टेक्ससप्रमाणे करमाफी मिळेल का? — एक वाचक, सॅक्रॅमेंटो

उत्तर : नाही. आपण राहता आणि काम करता कॅलिफोर्नियात, म्हणून कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर पूर्ण लागेल. पगारातून कपातही त्याच राज्याच्या नियमांनी झाली पाहिजे, ती होते का हे पहिल्याच महिन्याच्या पगारपत्रकात तपासा. किमान वेतन, जादा तासांचे नियम आणि स्पर्धक कंपनीत जाण्यास मनाई करणारी कलमे निरर्थक ठरवणारा कायदा, ही कॅलिफोर्नियाची संरक्षणेही आपल्याला लागू राहतात. नव्या करारात ‘टेक्ससचा कायदा लागू’ असे वाक्य घातले असेल, तर सहीपूर्वी ते वकिलाला दाखवून काढून घ्या. टेक्ससमध्ये वाजवी मर्यादेत अशी मनाई चालते आणि पुढची नोकरी शोधताना ते वाक्य आडवे येऊ शकते.